पाणी आण गं

आमच्या घरात पाणी फार प्यायलं जायचं. पाहुणे म्हणायचे, मास्तरांच्या पोरी लई गुणाच्या, मागायच्या आत तांब्या हजर. त्यांना काय ठाऊक, आमच्याकडं पाण्याचा आणि तहानेचा संबंधच नव्हता. टीव्हीवर दोन माणसं जरा जास्त जवळ आली की आई म्हणायची, "पाणी आण गं." मग मी किंवा ताई, जी दाराजवळ असेल ती उठायची. तांब्या भरून परत येईपर्यंत पडद्यावर एक तर सकाळ झालेली असायची, नाहीतर पोलीस आलेले असायचे. अशानं मी पुष्कळ सिनेमे पाहिले, पण सगळे तुकड्यातुकड्यांनी. अजूनही सिनेमा बघताना माझा पाय हलत असतो. तसलं काही आलं की मी उठते आणि गॅसवर काही राहिलंय का ते बघून येते. नवरा म्हणतो, "बस की जरा. आता कोण बसलंय इथं तुला उठवायला?" पण बूड टेकत नाही, त्याला मी तरी काय करू?

आमचं गाव डिंगोरे, जुन्नर तालुक्यातलं. वडील हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. आमचा पहिला टीव्ही काळापांढरा, लाकडी पेटीतला, आणि त्या पेटीला दुकानासारखं सरकतं शटर होतं. आण्णांची खुर्ची टीव्हीच्या इतकी जवळ की बसल्या बसल्या हात पुरावा. बायकांच्या त्या चार दिवसांची जाहिरात आली, किंवा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण दिसला, की आण्णा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता शटर सर्रकन ओढायचे. आवाजाचं बटण मात्र खाली कोपऱ्यात होतं, तिथवर वाकायचे कष्ट ते घेत नसत. त्यामुळे बंद कपाटातून एक बाई आम्हाला हसतहसत सांगायची की आता कसलीच चिंता उरली नाही. चिंता कसली होती, ते मात्र आम्हाला कधी कळलं नाही.

हे आमच्याच घरात होतं असं नाही, आणि टीव्हीमुळे सुरू झालं असंही नाही. आमच्या भागात जत्रेला तमाशा येतो. शाळेच्याच मैदानावर कनात लागायची. गावातले बाप्ये झाडून सगळे आत, आणि बायका घरी, पुरणपोळीच्या परातीपुढं. पण कर्ण्याला कोण अडवणार? लावणी सगळ्या गावावरून जायची. आईनं जन्मात एकही लावणी डोळ्यांनी पाहिली नव्हती आणि पाठ मात्र तिला पंचवीस-तीस तरी असतील. कणीक तिंबताना गुणगुणायची. त्या लावणीतली बाई किती सरळ बोलायची! मला हे हवं, ते नको, आज या, उद्या नका. आण्णांच्या चपला दारात वाजल्या की आईची लावणी तिथंच तुटायची आणि परातीत नुसता थपथप आवाज राहायचा. आमच्या घरच्या बायकांच्या वाट्याला या विषयातलं जे आलं ते असं, आवाज तेवढा आला आणि चित्र दुसऱ्या कुणीतरी पाहिलं.

आण्णा वाईट नव्हते, हे मला पुन्हापुन्हा सांगावंसं वाटतं आणि सांगताना रागही येतो. एकदा आमची सहल एका जुन्या दगडी देवळात गेली होती. भिंतीवर हजारेक वर्षांपूर्वी कुणीतरी जोडपी कोरून ठेवलेली, एकमेकांच्या गळ्यात हात टाकलेली, अगदी निवांत. पोरं कोपरानं एकमेकांना ढोसत होती. आण्णांनी छडीचं टोक बरोबर त्या जोडप्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हा बेसाल्ट. अग्निजन्य खडक. लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं. ज्यानं ते कोरलं त्याला लाज वाटली नव्हती, ज्यांनी देऊळ बांधून घेतलं त्यांनाही वाटली नव्हती, आणि मधल्या काळात कुणी कधी हे शटर ओढलं, हा प्रश्न मला तेव्हा सुचला असता तरी मी तो विचारला नसता.

घरी एक साप्ताहिक यायचं. त्यात मागच्या पानावर डॉक्टरांचा सल्ला असायचा. गंमत म्हणजे त्यात फक्त उत्तरं छापायचे, प्रश्न नाही. 'क. ख. ग., नाशिक : काही बिघडत नाही. व्यायाम करावा.' 'एक दुःखी, वाई : हा गैरसमज आहे. निःशंक मनाने लग्न करावे.' ताई आणि मी माळ्यावर बसून उत्तरावरून प्रश्न ओळखायचा खेळ खेळायचो. ताईला वाटायचं वाईच्या माणसाला दमा असणार. मी म्हणायचे त्याला कर्ज झालं असेल. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि तिचंही ज्ञान एवढंच, दमा.

मग रंगीत टीव्ही आला आणि त्याला शटर नव्हतं. पाठोपाठ गावात केबल आली. आता पडद्यावर जे दिसायचं त्याला आण्णांचा रिमोट पुरेना. एक चॅनल बदलावं तर पुढच्यावर त्याहून भारी काही चाललेलं. तेव्हापासून आईचं ते पाणी सुरू झालं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट ताईला आणि मला तो शब्द इतका अंगवळणी पडला की कुठंही नकोसं वाटलं, की आम्ही म्हणायचो, "पाणी आणते हं." लग्नाच्या पंगतीत कुणी म्हातारी लग्नाचं विचारायला लागली की पाणी आणते. बसमध्ये कुणी जरा जास्तच रेलून उभा राहिला की ताई माझ्या कानात म्हणायची, "पाणी आण," आणि आम्ही पुढच्या दाराकडं सरकायचो. मला इथून जायचंय, हे सांगायला आमच्याकडं दुसरा शब्द नव्हता.

ताईचं लग्न ठरलं लोणीच्या मुलाशी. लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, आमच्याकडून जायचं तर नारायणगाव आणि मंचरला गाडी बदलायची. आण्णा आमच्या गावात बदलून यायच्या आधी त्याच बाजूच्या शाळेत होते आणि हा मुलगा दहावीला त्यांच्या हाताखाली होता. एवढ्यावरच आण्णांनी हो म्हटलं. "पोरगं सरळ आहे. प्रयोगवही स्वच्छ असायची," ते म्हणाले. घरची कांद्याची शेती, स्वतःची मोटारसायकल, आणि वागायला खरंच गरीब. लग्नातसुद्धा आण्णांना मामा म्हणायचं सोडून सर म्हणत राहिला. सगळे हसले. "अरं, आता सासरा हाय त्यो तुझा!" तर म्हणाला, "जीभ वळत न्हाई, राव."

लग्न उन्हाळ्यात झालं. आखाडात नव्या नवरीला माहेरी आणायची रीत, तशी ताई आली. दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की ती बसली की उठत नाही आणि उठली की बसत नाही. आई खूश होती, लेक कामसू झाली म्हणून. पंचमी झाली, झोके झाले, आता सासरी परतायचे दिवस आले. तेव्हा ताई आईला म्हणाली, "मी जाणार नाय."

आई म्हणाली, "असं सगळ्यांनाच व्हतं पयल्यांदा."

"कसं व्हतं?"

आई उठून पाणी ठेवायला गेली.

मला ताईनं सांगितलं ते आमच्या भाताच्या खाचरात. गुडघाभर चिखलात आम्ही रोपं लावत होतो, आई बांधाच्या पलीकडं, आणि वाकून काम करताना एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, म्हणून बोलता आलं असेल.

"पयल्या दिवशी मी त्यांना म्हणलं, पाणी आणू का?" ताई म्हणाली.

मला लगेच कळलं. त्यांना कसं कळणार?

"हो म्हणले. मी तांब्या दिला. सगळा प्याले गं. आन् मला म्हणतात कसे, तू लई काळजी घेती. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी म्हणलं, पाणी आणू का. पुन्हा तांब्याभर प्याले."

मी हसायला लागले. ताईपण हसली. असे कितीतरी दिवस तो बिचारा पाणी पीत राहिला आणि ही माठाशेजारी बसून राहिली. मग ती हसायची थांबली.

"मग त्यांच्या दोस्तांनी काय सांगितलं देव जाणे. एकदा माझं मनगट धरलं. मी म्हणलं, नाय. सोडा. तर हसायला लागले. पिक्चरमधी हसतात ना, तसं. मी नाय म्हणत व्हते आन् ते हसत व्हते. मला इतकी भीती वाटली ना, त्या हसण्याची."

"मग?"

"मी चावले त्यांना. हाताला. रगत आलं."

तेवढ्यात तिचा हात सुटला, ती सासूच्या खोलीत जाऊन झोपली, आणि पुढं आखाड लागेपर्यंत दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत. आता तिला परत जायचं होतं आणि त्या हसण्याखेरीज तिला दुसरं काही आठवत नव्हतं. "मला कुणी इचारतच नाय, काय झालं म्हणून," ती म्हणाली. "आण्णा म्हणतात, पोरगं सरळ आहे. मी काय वाकडी हाय का?"

मला त्या दिवसापासून चैन पडेना. कॉलेजला जायची बस चुकायची, जेवणात लक्ष नसायचं. आण्णांना सांगावं तर कुठल्या शब्दांत? मी मनात वाक्यं तयार करायचे आणि प्रत्येक वाक्य एका ठरावीक जागी येऊन थांबायचं. आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "गप. चावली असं कुठं बोलू नको." म्हणजे तिला चावणं कळलं, बाकीचं तिनं ऐकलंच नाही.

आणि त्या रविवारी दाजी ताईला न्यायला आले. सोबत त्यांचे चुलते, फेटेवाले, घसा खणखणीत. आईनं ताईची पिशवी आदल्या दिवशीच भरून दाराशी ठेवली होती. ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी, चेहरा पांढराफटक. आण्णांनी हवापाण्याचं विचारलं, कांद्याचं विचारलं. दाजींच्या उजव्या हाताला अंगठ्याखाली चांगला मोठा वण दिसत होता. आण्णांनी विचारलं, "हाताला काय झालं?"

दाजींच्या आधी चुलते बोलले. "कुत्रं चावलं, सर! घरच्या घरी. पिसाळलेलं का काय म्हाईत न्हाई, कुठलं कुत्रं तेबी सांगत न्हाई ह्यो. मीच धरून नेला सरकारी दवाखान्यात. पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली सगळी. पोट ह्ये एवढं सुजलं. पण पोरानं हूं का चूं केलं न्हाई."

दाजी चहाच्या कपात बघत होते. मी ताईकडं पाहिलं. ती उंबऱ्यातून दोन पावलं पुढं आली होती. पोटातली ती इंजेक्शनं काय असतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या नावानं मोठमोठी माणसं उसाच्या फडात लपायची. आणि या माणसानं, बायको चावली हे सांगायला नको म्हणून, ती सगळी निमूट टोचून घेतली होती. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. यात त्यानं स्वतःची अब्रू राखली की तिची, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

चहाचे कप रिकामे झाले. चुलते म्हणाले, "टीव्ही तरी लावा, सर." आईनं लगबगीनं लावला. केबलवाल्यानं कुठला तरी हिंदी सिनेमा टाकला होता. बाग, कारंजं, नायिका पुढं पळतेय आणि नायक मागं. त्यानं तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, "छोड़ो मुझे." तो हसला. मागं वाद्यं सुरू झाली.

"पाणी आण गं," आई म्हणाली.

मी उठले. ताईनं माझ्या ओढणीचं टोक धरलं. "बस खाली. कुणाला तहान नाय लागली."

आण्णांचा हात रिमोटकडं गेला.

"राहू द्या, आण्णा." मग ती थेट दाजींकडं वळली. "ती बाई काय म्हणतीय?"

दाजींनी पडद्याकडं पाहिलं, चुलत्यांकडं पाहिलं. "कोण?"

"ती, पिक्चरमधली."

"सोड म्हणतीय."

"मग त्यानं सोडलं का?"

"आगं, पिक्चर हाय त्यो."

"पिक्चरच हाय ना? मग तुमी का हसत व्हता?"

चुलते म्हणाले, "काय चाललंय? सर, ही काय बोलायची रीत झाली?" आण्णा ताईच्या मनगटाकडं बघत होते. मग त्यांनी दाजींच्या हातावरचा वण पाहिला. आण्णा विज्ञानाचे शिक्षक, वण कुत्र्याच्या दातांचा आहे की माणसाच्या, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

दाजी खाली मान घालून बोलायला लागले. आवाज अगदी बारीक. "पिक्चरमधी पोरी आधी नायच म्हणत्यात. मग हळूहळू हसत्यात. मंचरला व्हिडिओवर बघितलेलं, तिथंबी तसंच व्हतं. दोस्तबी म्हणले, तसंच आसतंय. मला वाटलं, आपल्यालाबी तसंच करायचं आसतंय." मग त्यांनी मान वर केली आणि आण्णांकडं पाहिलं. त्या बघण्यात उद्धटपणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "सर, मला काय म्हाईत? दहावीला तो धडा आला, तवा तुमी म्हणला, हा धडा घरी वाचा. घरी कुणाला इचारणार व्हतो मी?"

टीव्ही चालूच होता. गाणं रंगात आलं होतं.

"कुठला धडा?" चुलत्यांनी विचारलं.

आण्णा उठले. खुंटीवरच्या पिशवीतून त्यांनी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, आणि उभ्याउभ्या तो धडा उघडला. त्या पुस्तकाचं पान न पान आण्णांनी लाल पेन्सिलीनं रेघा मारून जुनं केलेलं होतं, पण हा धडा मात्र कोरा करकरीत. ते वाचत गेले. फूल, पराग, मग बेडूक, मग माणूस. माणूस म्हणजे मधोमध कापलेलं एक शरीर, त्याला बाण आणि बाणांना नावं. ते शेवटच्या स्वाध्यायापर्यंत गेले. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. परत मागं आले. पानं उलटायचा वेग वाढला. एखाद्या पोराला फळ्यापुढं उभं करावं आणि त्याला उत्तर सापडू नये, तसे दिसत होते.

"यात नाहीये ते," आण्णा म्हणाले. "हा मी शिकवला असता, तरी... यात ते कुठंच नाही."

मला त्यांची इतकी दया आली की उठून त्यांच्या हातातलं पुस्तक काढून घ्यावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी, एवढी वर्षं शटर ओढत बसलेल्या त्या हाताचा असा संताप आला की मी हललेच नाही.

ताईनं टीव्ही बंद केला. "पुस्तकात नसंल," ती म्हणाली. "आण्णा, तुमी सगळी जरा भायेर जा. मला ह्यांच्याशी बोलायचंय."

आई म्हणाली, "आगं, पण..."

"आई, तूपण."

चुलते लालेलाल झाले. "आमी भायेर? मोठी माणसं भायेर आन् सून आत? आसं कुठं आसतंय का?" आण्णांनी पुस्तक मिटलं, चुलत्यांच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "चला पावणं, आमची खाचरं दाखवतो. यंदा भात बरा आहे." असं म्हणून त्यांना ओढतच नेलं. मागून आई गेली, मग मी. मी गेले तेव्हा दार ताईनंच लोटून घेतलं.

आई पायरीवर बसली. मी गोठ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, पुन्हा जायचे. आतून काही ऐकू येत नव्हतं, आणि मला ते सहन होत नव्हतं. आई म्हणाली, "बस की जरा एका जागी." मग स्वतःच उठली, तुळशीपाशी गेली, पुन्हा येऊन बसली. "मोडतंय का गं हिचं?" तिनं मला विचारलं. मी काय सांगणार? मला तर ते जुळलेलं तरी कधी होतं, असा प्रश्न पडला होता. "मीच बोलायला पायजे व्हतं," आई म्हणाली. "पण मला कुणी सांगितलं व्हतं? मलाबी कुणी नाय सांगितलं." हे तिनं मला पहिल्यांदा आणि शेवटचं सांगितलं.

दार उघडलं. दाजी एकटेच बाहेर आले. पायात चपला घातल्या, आईला वाकून नमस्कार केला आणि मोटारसायकलवर बसून निघून गेले. चुलते खाचराच्या बांधावरच राहिले. ते येऊन बघतात तर गाडी नाही, पुतण्या नाही. शेवटी आण्णांनी त्यांना एसटीला बसवून दिलं आणि बस सुटेपर्यंत त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. गावात दुसऱ्या दिवशी झालंच, मास्तरांची पोरगी नांदत नाही म्हणून.

आता पुढचं मी ताणून धरत नाही, तेवढा धीर माझ्याकडं नाही. दाजी दर आठवड्याला यायला लागले. एकटेच. ओसरीवर बसायचे, ताईशी बोलायचे, परत जायचे. आण्णा अशा वेळी मुद्दाम शाळेत काहीतरी काम काढायचे. दिवाळी झाल्यावर एक दिवस ताईनं आपली पिशवी आपण भरली आणि त्यांच्यामागं गाडीवर बसून गेली. ती लोणीलाच आहे, कांद्याचा भाव माझ्यापेक्षा तिला जास्त कळतो, आणि तिच्या घरात टीव्ही चालू असताना कुणालाही उठवत नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं. दाजींची गाडी वळणाआड गेली आणि आईनं डोळ्याला पदर लावला, तेव्हा मी आत पळाले. ताई पलंगावर पाय सोडून बसली होती. किती दिवसांनी ती नुसती बसलेली दिसली.

"काय सांगितलंस एवढं?" मी विचारलं.

"मी काय सांगणार? मला तरी कुठं म्हाईत हाय? मी म्हणलं, मनगट धरायच्या आधी मला इचारायचं."

"काय विचारायचं?"

"चालंल का, म्हणून. एवढंच. म्हणून दाखवा म्हणलं. तर येईचना त्यांना. पिक्चरमधले सगळे डायलॉग पाठ, आन् हे दोन शब्द येईनात. घाम फुटला."

"मग? म्हणाले का शेवटी?"

"म्हणले की. पार तिकडं भिंतीपाशी उभे राहून. तोंडी परीक्षा द्यावी तसे. म्हणले, तू आज माझ्यासंगं घरी येशील, चालंल का?"

"आणि तू?"

"मी म्हणलं, आज नाय."

"मग?"

"मग काय," ताई म्हणाली, "बरं म्हणले आन् गेले."